फुकटच्या क्लासातले अभ्रे

॥ श्री ॥
ता. ६ जानेवारी

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल दुपारी सव्वातीनला मशीन आलं. काय काय आलं आणि किती पडलं ते आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं मोकळेपणी लिहिता येईल. पायाने चालवायचं शिलाई मशीन, लाकडी फळी आणि लोखंडी पायांसकट, सात हजार नऊशे. बॉबिन सहा, दोन मशीनबरोबरच्या, चारांचे ऐंशी. सुयांचं पाकीट तीस. तेलाची कुपी फुकट, पण अर्धीच भरलेली. मशीनवर घालायचं आवरण दोनशे दहा सांगितलं, ते घेतलं नाही. जुन्या चादरीचं करीन, नाहीतर मशीन घेतलं कशाला? हमाली दीडशे ठरली होती, जिना दिसताच हमाल अडीचशे म्हणाला. मी विचारलं, जिना काय आज सकाळी बांधला? शेवटी एकशे पंचाहत्तर आणि एक कप चहा. चहाचे धरले नाहीत.

तू म्हणशील, अक्काला या वयात हे काय सुचलं. कारण आहे, आणि त्या कारणाचं दुकान आमच्या कोपऱ्यावर आहे. तुझ्या भाऊजींच्या सदऱ्याचं कापड मी टेलरकडे दिलं, पूर्ण बाह्यांचं, स्वतः मोजून. सदरा आला अर्ध्या बाह्यांचा. म्हणे कापड कमी पडलं. पिशवी उचलायला वाकले तर त्याच्या इस्त्रीखाली त्याच निळ्या चौकड्यांचं फडकं. विचारलं तर म्हणतो कसा, ताई, निळ्या चौकड्या काय तुमच्याच घरी असतात का. तुझे भाऊजी म्हणाले, जाऊ दे, उकाड्यात अर्ध्या बाह्याच बऱ्या. यांचं नेहमीचंच. माझं मात्र त्या दिवशी जपात लक्ष लागेना. मणी पुढे सरकतोय आणि डोळ्यांपुढे त्याची इस्त्री. तेव्हाच ठरवलं, यापुढे या घरातली चिंधीसुद्धा परक्या कात्रीखाली जाणार नाही.

तुझ्याकडे शिवायला पाठवावं तर तुला तुझ्या गठ्ठ्यांतून मान वर करायला फुरसत नसते. म्हणून स्वतःच शिकते आहे. दुकानदाराने मशीनबरोबर एक कार्ड दिलं, तीन महिन्यांचा शिवणक्लास फुकट. तो म्हणाला, बहुतेक बायका कार्ड ठेवतात आणि जात नाहीत. मी म्हटलं, मी त्या बहुतेक बायकांतली नाही.

आज बसून पाहिलं. चाक मनाला येईल तसं फिरतं, दोरा तुटतो, आणि कापडाखाली दोऱ्याचं घरटं होतं. सात हजार नऊशे देऊन घरटं. असं का होतं ते कळव. तुझ्या यजमानांच्या पाठीचं कसं आहे तेही लिही.

आमचा लोभ आहेच, तुझा पत्रातून दिसत राहावा.
तुझी,
अक्का


॥ श्री ॥
ता. १४ जानेवारी

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचून दाखवलं. हमालाच्या जिन्यापाशी हे इतके हसले की पाठीत कळ आली, आणि उरलेलं मला मनातल्या मनात वाचावं लागलं. गोदामाच्या शिडीवरून पडल्याला आता आठ महिने होतील. भिंतीला धरून खिडकीपर्यंत जातात, परत येताना मला हाक मारतात. डॉक्टर म्हणतात सुधारणा आहे.

आता तुझं घरटं. सगळे खालच्या दोऱ्याला दोष देतात, पण चूक वरच्याची असते. ती वर-खाली होणारी दांडी आहे ना, तिच्या भोकातून दोरा ओवायचा तू विसरली असणार. आणि सुरुवात करताना चाक आधी हाताने आपल्याकडे फिरव, मग पाय दाब. पाय आधी दाबलास की ते मागे पळतं आणि दोरा तोडतं. आठवडाभर दोरा लावूच नकोस. रेघांच्या कागदावर नुसती सुई चालव, रेघेवरून. जुन्या वह्या घे म्हणजे कागद वाया जाणार नाही. पण हिशेबाच्या घेऊ नकोस, नाहीतर आकड्यांना भोकं पडली म्हणून माझ्या नावाने खडे फोडशील.

आमच्याकडचं काय लिहू. गठ्ठेवाला दर सोमवारी कापलेल्या कापडाचा गठ्ठा आणून टाकतो आणि शिवलेला घेऊन जातो, हे तुला माहीत आहेच. गेले दोन सोमवार तो आलाच नाही. काल आला तो रिकाम्या स्कूटरवर. म्हणाला, ताई, तुमचं काम चोख आहे, पण आता मला दुसरीकडे जवळजवळ फुकटात करून मिळतंय. कोण करतं विचारलं तर म्हणाला, आहेत बायका. चौदा वर्षं त्याचं काम केलं, एक नग परत आला नाही. मी भांडले नाही. भांडायला तुझं तोंड लागतं, ते देवाने एकटीलाच दिलं.

काहीतरी निघेल. तू काळजी करू नकोस, आणि मागच्यासारखं पाकिटात काही घालून पाठवू नकोस. पाठवलंस तर परत येईल.

भाऊजींना अर्ध्या बाह्या शोभतात असं सांग. माझ्यावरचा लोभ आहे तसाच ठेव.
तुझी,
धाकटी


॥ श्री ॥
ता. २० फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून तो गठ्ठेवाला आणि त्याची रिकामी स्कूटर माझ्या डोक्यातून जात नाही. पण त्याच्यापेक्षा जास्त संताप येतो तो त्या बायकांचा. फुकटात काम करणाऱ्या या आहेत तरी कोण? पोट नाही का त्यांना? की घरात पगार येतो म्हणून बसल्या जागी हौस करायची, आणि आपल्या हौसेपायी दुसरीच्या ताटातलं जातंय याची शुद्धही नाही? रोज देवापुढे बसताना कुणाचं वाईट चिंतायचं नाही असं मी मनाला बजावते. काल बजावायला विसरले. लाज कशी वाटत नाही, एवढंच मला त्यांना तोंडावर विचारायचं आहे. कोण आहेत ते कळलं तर मला लिही. मी येते. गाडीभाडं माझं.

आता माझं सांगते. घरटं बंद झालं, तू म्हणालीस तीच दांडी निघाली. दहा दिवस कागदावर सुई चालवली. क्लासात आम्ही बाराजणी आहोत, बाकीच्या माझ्या आधीपासूनच्या. शिकवणाऱ्या बाई काडीसारख्या, गळ्यात टेप, कधी खाली बसत नाहीत आणि कधी हसत नाहीत. कागद झाल्यावर त्यांनी उशीचे अभ्रे दिले. कापड त्यांच्याकडचं, कापून, आकडा घालून तयार. रोज दहा अभ्रे घरी न्यायचे, आपल्या मशीनवर, आपल्या दोऱ्याने शिवायचे आणि सकाळी परत द्यायचे. दोऱ्याचं मला खटकलं, एक रीळ चार दिवस पुरत नाही. पण क्लास फुकट, सरावाला कापड फुकट. म्हटलं, दोऱ्याचं काय घेऊन बसायचं. बाकीच्या कुरकुरतात. मी त्यांना सांगते, हात बसायचा तर असंच शिवावं लागतं. माझे आजवर दोनशे चाळीस झाले. बाई कुणाला चांगलं म्हणत नाहीत, परवा माझा अभ्रा उलटून पाहिला आणि नुसत्या हं म्हणाल्या. तेवढ्यावर मी घरापर्यंत तरंगत आले.

दोन गोष्टी मात्र डोक्यात जातात. एक म्हणजे अभ्र्याच्या तोंडाशी आतली घडी किती ठेवावी? चार बोटं पुष्कळ झाली. यांची एक वीत. प्रत्येक अभ्र्यामागे एवढं कापड आत कोंबायचं. मी बाईंना विचारलं, कोणा उधळ्या बाईने हे माप काढलं? त्या म्हणाल्या, माप आहे ते आहे. आणि दुसरं, स्वतः शिवलेला एकही अभ्रा घरी ठेवायची सोय नाही. हात माझे, दोरा माझा, आणि बहिणीला दाखवायला माझ्यापाशी एक नग नाही. मी एक ठेवून घेतला. चोरी नव्हे, त्याच मापाचं कापड विकत आणलं, कापलं, शिवलं आणि बदली म्हणून त्यांच्या गठ्ठ्यात घातलं. देवाला सांगून घातलं.

तो सोबत पाठवते आहे. उलटसुलट करून नीट बघ. खोटं कौतुक नको.

लोभ तर हवाच, पण या खेपेला खरे गुण हवेत.
तुझी,
अक्का


॥ श्री ॥
ता. २६ फेब्रुवारी

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

अभ्रा मिळाला. टीप सरळ आहे. कोपरे टोकदार निघाले आहेत, दोऱ्याचा ताण बरोबर आहे. शेवटी मागे घेऊन टीप पक्की करतेस ती सातदा करतेस, तीनदा पुरे. खोटं कौतुक नाही.

ती उधळी बाई मी.

नऊ वर्षांपूर्वी गठ्ठेवाला म्हणाला, हॉस्पिटलातून तक्रार आहे, पेशंट कूस बदलतो आणि उशी अभ्र्यातून बाहेर येते. तेव्हा घडी चार बोटांचीच होती. मी एक वीत करून दाखवली. ती माझी वीत आहे, अक्का. तुझ्या अभ्र्याची घडी मी हात पसरून मोजली, तंतोतंत भरली. कापडाच्या काठाला तीच निळी रेघ, आतल्या कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीचा आकडा, तोही त्याच्याच हातचा. त्याची स्कूटर आता तुमच्याकडेही फिरते तर. चौदा वर्षं ते आकडे वाचले आहेत, मला ओळखायला चष्मा लागत नाही.

त्या बायकांना तू लाज विचारणार होतीस. मी विचारत नाही. तुला माहीत नव्हतं, हे मला माहीत आहे. पण एक गोष्ट मनातून जात नाही. मी गठ्ठे शिवते एवढंच तुला ठाऊक. त्या गठ्ठ्यात काय असतं, ते तू चौदा वर्षांत एकदाही विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर पहिल्याच अभ्र्याला ओळखलं असतंस.

दोन महिन्यांचं घरभाडं थकलं आहे. मशीनला गिऱ्हाईक मिळालं, पुढच्या गल्लीत पडदे शिवणाऱ्या बाई आहेत त्या. दहा तारखेला येऊन घेऊन जातील, आधी जमलं तर आधीच. हे खिडकीपर्यंत जातात, आणि परत येताना हाक मारत नाहीत.

अभ्रा ठेवून घेतला आहे. यांच्या उशीला घातला. उशी निसटत नाही.

भाऊजींना नमस्कार. लोभाचं या वेळी तूच काय ते ठरव.
धाकटी


॥ श्री ॥
ता. ४ मार्च

चि. सौ. धाकटीस,
आशीर्वाद. वि. वि. लिहायला हात धजत नाही, पण लिहिते, कारण आज खरोखरच विनंती आहे.

तुझं पत्र मी दारातच उभ्याने वाचलं. आजवर मी पुष्कळांवर संतापले आहे, तुला सांगायला नको. दुसऱ्यावरचा संताप हलका असतो, बोलून टाकला की माणूस जेवायला मोकळं. हा निघेना. टेलरवर काढू, दुकानदारावर काढू, क्लासवाल्या बाईंवर काढू? सगळ्यांवर काढून पाहिला आणि तरी तो होता तेवढाच उरला. तीनशे अभ्रे शिवले मी. रोजचे किती झाले ते वहीत तारीखवार मांडलं आहे, वर अभिमानाने बेरीज केली आहे. तुझी चौदा वर्षं त्या वहीत कुठेच नाहीत. मी मॅट्रिक झालेली, घरातली काडेपेटी कधी आणली ते सांगू शकते, आणि माझी सख्खी बहीण काय शिवते ते मला माहीत नाही. यावर तू जे लिहिलंस त्यात एक अक्षर कमी-जास्त करण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी क्लासात गेले. सगळ्यांसमोर बाईंना विचारलं, हे अभ्रे जातात कुठे? म्हणाल्या, सरावाचे अभ्रे कुठे जाणार. मी म्हटलं, हॉस्पिटलात जातात. बाईंनी गळ्यातली टेप काढली आणि हाताभोवती गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, “फुकट शिकायला मिळतं ते चालतं, आणि मी दोन पैसे मिळवले की डोळ्यांत खुपतं?”

धाकटे, खरं सांगते, बाईंचं म्हणणं मला लागलं. कारण फुकट मला चाललंच होतं. मग आपोआप तोंडातून गेलं.

“फुकट नव्हतं ते, बाई. त्याचे पैसे माझ्या बहिणीने भरले.”

मी तुझं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. अकराजणींपैकी सातजणींनी त्या दिवशी गठ्ठा घेतला नाही. चौघींनी घेतला. त्यातली एक लग्न ठरलेली मुलगी मला म्हणाली, काकू, हात बसायला असंच लागतं हे तुम्हीच सांगत होता. मी मान खाली घातली आणि बाहेर पडले. क्लासचं कार्ड जाता जाता दुकानदाराच्या टेबलावर ठेवलं. चाळीस दिवस शिल्लक होते. फुकटचं काही मी आपणहून सोडलं, ही पहिलीच वेळ. दुकानदाराला वाटलं मी मशीन परत करायला आले, तो आधी हात जोडून उभा राहिला.

मधली सुट्टी धरून दोन दिवसांचे, शिवून झालेले वीस अभ्रे माझ्याकडे होते. ते मी दिले नाहीत. बाईंनी गठ्ठेवाल्याला पाठवलं. तो जिना चढून आला, मी दारातच उभी. त्याला सांगितलं मी कोणाची कोण. तो पायरीवर बसला. माणूस वाईट नाही गं, हेच वाईट आहे. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. म्हणाला, मला अभ्रे वेळेवर आणि स्वस्तात हवेत, कोण शिवतं ते मी विचारत नाही. मी म्हटलं, मीसुद्धा विचारलं नव्हतं, म्हणूनच आपण दोघे आज इथे या जिन्यात आहोत.

मग त्याच्याच तोंडून निघालं. क्लासातल्या अभ्र्यांपैकी तिसरा अभ्रा पहिल्याच धुण्यात उसवतो. हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंनी अख्खा गठ्ठा त्याच्या अंगावर परत फेकला. मी विचारलं, माझेही आले का परत? विचारायला नको होतं. मी माझ्या अभ्र्यांवरचे आकडे सांगितले, ते त्याने वही काढून पाहिले. माझा एकही आला नव्हता. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा इतका राग आला की आत जाऊन पाणी प्यायले.

बाहेर आले तेव्हा मात्र डोकं जागेवर होतं. महिनाअखेर त्याला चारशे अभ्रे हवे आहेत आणि शिवायला चौघीजणी उरल्या आहेत. तो म्हणाला, ताईंकडेच जातो, जुन्याच दराने. मी म्हटलं, जुना दर जुन्या वर्षांचा. दोरा तुझा, अर्धी मजुरी आधी, आणि नग मोजून तिथल्या तिथे लिहून द्यायचं. म्हणाला, तुमच्यापेक्षा ताई बऱ्या. मी म्हटलं, ती बरी होती म्हणून तू तिच्या दारात रिकामी स्कूटर घेऊन जाऊ शकलास. दोरा आणि अर्धी मजुरी त्याने कबूल केली. दराचं विचारल्यावर कान खाजवत गेला. ते वीस अभ्रे मी त्याला दिले आणि त्यांची मजुरी तुझ्या हातात द्यायला सांगितली. परत करायची असेल तर त्याला कर, मी घेणार नाही.

तो येत्या सोमवारी, नऊ तारखेला, तुझ्याकडे येईल. मी तुला न विचारता बोलले, हे खरं आहे. तुला त्याचं काम नको असेल तर दारातून लावून दे, मी एक शब्द काढणार नाही. घेणार असशील तर दर ऐकल्याऐकल्या चालेल म्हणू नकोस. थोडी गप्प बस. त्याला गप्प बसलेलं माणूस झेपत नाही, मी पाहिलं आहे.

आता विनंती. तुझं मशीन गेलं की आहे, हे मला इथून कळत नाही, आणि त्या पडदेवाल्या बाई दहा तारखेची वाट पाहतील याची खात्री तुलाच नव्हती. मी माझं मशीन पुसून, तेल घालून, फळी मिटून, चादरीत बांधून दारापाशी ठेवलं आहे. तुझे भाऊजी काल त्याच्यावर अडखळले, अंगठा धरून बसले आणि म्हणाले, हमाल मी सांगून ठेवतो.

लोभ मागायचा हक्क या वेळी मला नाही. तू दिलास तर घेईन. तुझं मशीन गेलं असेल तर हे तुझ्याकडे येईल. गेलं नसेल तर मी येईन, तुझ्यापाशी बसून शिकायला. दोन्हींतलं काय पाठवू, ते उलट टपाली कळव.
तुझी,
अक्का